टॉर्क रेंच, लॉकवायर आणि उद्यमनगरचा हात

विमानातल्या पाव इंची एएन-४ जातीच्या बोल्टवरचा नट आवळायला, मॅन्युअलनं वेगळा आकडा दिला नसेल तर, ५० ते ७० इंच-पाउंड टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पुरतो. न्यूटन-मीटरमध्ये सांगायचं तर साडेपाच ते आठ. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनं आणि पंप खोलून-जोडून हात तयार झालेला फिटर हा आकडा ऐकला की हसतो. "एवढ्याला काय मीटर लागतंय व्हय, हातानं कळतंय की!" कळतं हे खरंच आहे. पण त्या हाताला कळतो तो बिडाच्या जाड फ्लँजवरचा बोल्ट. त्याच सवयीनं पाव इंची बोल्ट ओढला तर तो बहुतेक वेळा मोडत नाही, आणि अडचण तिथंच आहे. मोडला असता तर लगेच बदलला असता. तो नुसता ताणला जातो, वरून काहीच दिसत नाही, आणि पुढं कधीतरी इंजिनाच्या कंपनांखाली तुटतो.

उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ सालचा, राजाराम महाराजांच्या काळातला. त्याला लागूनच गोकुळ शिरगावची एमआयडीसी. त्यामुळे विमानाच्या कामाला येणारी इथली पोरं बहुतेक फाउंड्री, मशीन शॉप नाहीतर आयटीआयमधून आलेली असतात. हात चांगला असतो, तो नव्यानं शिकवावा लागत नाही. बदलावं लागतं ते टूलशी असलेलं नातं. सेस्ना १७२ सारख्या छोट्या विमानाची शंभर तासांची तपासणी डोळ्यासमोर ठेवून सांगतो, म्हणजे टूल कपाटातून निघून परत कपाटात जाईपर्यंत काय काय होतं ते नीट कळेल.

टूल देताना पहिली नोंद रजिस्टरमध्ये होते: टूलवर कोरलेला नंबर, विमानाचं नोंदणी चिन्ह, वर्क ऑर्डर, वेळ, सही. कपाटातल्या ड्रॉवरमध्ये दोन रंगांचा फोम असतो, वर काळा आणि खाली पिवळा. प्रत्येक टूलच्या आकाराचा खड्डा कापलेला असतो, त्यामुळे टूल जागेवर नसलं की पिवळा रंग दिसतो. टूल नेणाऱ्यानं त्या खड्ड्यात आपल्या नंबराचा पितळी बिल्ला ठेवायचा. रॅचेट, एक्स्टेन्शन आणि सॉकेट हे एक टूल नाही, तीन आहेत; तीन नोंदी, तीन बिल्ले. फडकीसुद्धा मोजून द्यायची. घरून खिशात आणलेला आवडता स्क्रूड्रायव्हर चालत नाही. तो आधी कोरून, नोंदवून घ्यायचा, नाहीतर गेटबाहेर ठेवायचा. यावर नव्या पोरांची कुरकुर हमखास होते.

काम सुरू होतं ते पॅनेल आणि काउलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडण्यापासून, आणि सगळ्यात जास्त नुकसान होतं तेही इथंच. दोन नंबरच्या फिलिप्स बिटचं टोक झिजलं की ते स्क्रूच्या खाचेतून वर सरकतं आणि खाच गोल होते. मग दहा मिनिटांच्या कामाला दोन तास लागतात, कारण स्क्रू ड्रिल करून काढावा लागतो आणि त्याखालची नटप्लेट, म्हणजे मागं पक्का बसवलेला नट, तीही धोक्यात येते. बिट ही संपणारी वस्तू आहे, पेट्रोलसारखी खर्च होणारी. कडांवर चमकदार गोलाई दिसली की फेकून द्यायचा. आणखी एक गोष्ट बाहेरच्या कामात कुणाच्या ध्यानीमनीही नसते. स्क्रू चिकटून राहावा म्हणून चुंबकी बिट वापरायची सवय असते, तो बिट कॉकपिटमधल्या होकायंत्राजवळ न्यायचा नाही. आसपासचे लोखंडी स्क्रू चुंबकित होतात आणि होकायंत्र चुकीची दिशा दाखवायला लागतं. होकायंत्राचे ॲडजस्टिंग स्क्रू फिरवायला पितळी, बिनचुंबकी स्क्रूड्रायव्हर वेगळा ठेवलेला असतो.

स्पार्क प्लगसाठी सात-अष्टमांश इंचाचा खोल सॉकेट. लायकमिंगच्या इंजिनावर प्लगचा टॉर्क ३० ते ३५ फूट-पाउंड, गॅस्केट दर वेळी नवी. प्लग हातातून जमिनीवर पडला तर तो बाद. आतल्या इन्सुलेटरला गेलेली चीर बाहेरून दिसत नाही, म्हणून "बघूया चालतोय का" हा विषयच नाही. सॉकेट तिरका बसला तरी हेच होतं, म्हणून एक्स्टेन्शनचं डोकं एका हातानं धरून सरळ ठेवायचं.

कॉम्प्रेशन तपासणीचं डिफरेन्शियल टेस्टर साधं असतं. दोन गेज, मधे ठरलेल्या मापाचं बारीक छिद्र आणि आत ८० पीएसआय हवा. वापरण्याआधी पुढचा व्हॉल्व्ह बंद ठेवून दोन्ही गेज सारखे दाखवतात का ते पाहायचं. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी सोडायचं, नाहीतर ते त्याच छिद्रापर्यंत पोचतं. पंखा (प्रोपेलर) घट्ट धरायला दुसरा माणूस हवाच. ८० पीएसआय सिलिंडरमध्ये गेल्यावर पंखा झटक्यात फिरू शकतो.

आता टॉर्क रेंच. याच्याबद्दल हात राखून सांगणं बरं नाही.

क्लिक जातीचा रेंच त्याच्या कमाल क्षमतेच्या वीस टक्क्यांखाली वापरायचा नाही, तिथं त्याची अचूकता भरवशाची नसते. म्हणून एका रेंचवर भागत नाही, निदान तीन लागतात: ३० ते १५० इंच-पाउंड, १५० ते ७५० इंच-पाउंड आणि ३० ते १५० फूट-पाउंड. तिन्हींच्या मुठीला वेगवेगळ्या रंगाची टेप लावावी. एक फूट-पाउंड म्हणजे बारा इंच-पाउंड; वाचताना एकक चुकलं की टॉर्क बारा पट होतो किंवा बाराव्या हिश्शावर येतो. जॉब कार्डावर आकडा लिहिताना एकक पूर्ण अक्षरांत लिहिण्याची सक्ती त्यासाठीच.

रेंच रात्रभर पडून असेल तर पहिल्या कामाआधी टॉर्क टेस्टरवर तीन ते पाच वेळा ओढून घ्यायचा, म्हणजे आतलं ग्रीस सगळीकडे पसरतं. आकडा लावताना खालून वर यायचं. जास्त झाला तर बराच खाली जाऊन पुन्हा वर. मूठ मधोमध, खुणेवर धरायची. संथ, एकसारखं ओढायचं आणि टक् झालं की थांबायचं. खात्रीसाठी दुसऱ्यांदा टक् करण्याची खोड जवळजवळ सगळ्यांना असते. त्या दुसऱ्या टक्-मध्ये नट आणखी थोडा फिरतो. रेंचनं नट सैल करायचा नाही, त्यासाठी साधा पाना आहे. काम संपलं की स्प्रिंगवरचा ताण काढायला आकडा सगळ्यात खालच्या खुणेवर आणायचा, पण त्याही खाली उलटा फिरवत न्यायचा नाही.

सेल्फ-लॉकिंग नट असेल तर एक पायरी वाढते. असा नट बैठकीला टेकण्याआधीच आट्यांवर अडत फिरतो. त्या अडण्याला जेवढा टॉर्क लागतो तेवढा मूळ आकड्यात मिळवावा लागतो. समजा नट टेकण्याआधी १२ इंच-पाउंडानं फिरतोय आणि हवा असलेला टॉर्क ६०. तर रेंच ७२ वर. मॅन्युअलनं ही भर आधीच धरली असेल तर अर्थातच नाही, तेवढं वाचून घ्यायचं. हे १२ मोजायला क्लिक रेंच कामाचा नाही, डायलचा लागतो. आणि असा नट बोटांनीच शेवटपर्यंत फिरत गेला तर त्याची पकड संपली. तो बाद.

इंजिनाच्या मागं सॉकेट शिरत नाही तिथं रेंचच्या टोकाला क्रोफूट, म्हणजे उघड्या तोंडाच्या पान्याचा जोड, लावावा लागतो. तो सरळ पुढं लावला की रेंचची लांबी वाढते आणि नटवर जास्त टॉर्क पडतो. तेव्हा रेंचवर लावायचा आकडा असा: हवा असलेला टॉर्क गुणिले रेंचची लांबी, भागिले रेंच अधिक जोडाची लांबी. रेंच चौकोनी ड्राइव्हच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंत १० इंच, क्रोफूट २ इंच, हवेत १२० इंच-पाउंड. तर १२० गुणिले १०, भागिले १२, म्हणजे रेंच १०० वर लावायचा. क्रोफूट काटकोनात लावला तर हा हिशेब लागत नाही. जागा असेल तिथं काटकोनातच लावावा, एक आकडेमोड आणि एक चूक वाचते.

तेलाचा फिल्टर बसवला, त्याच्यावर छापलेला टॉर्क दिला, की लॉकवायर, म्हणजे सैल होऊ नये म्हणून पिळून बांधायची तार. ०.०३२ इंचाची, म्हणजे सुमारे ०.८ मिलिमीटरची स्टेनलेस तार. जुनी सरळ करून परत कधीच नाही. बोल्टांच्या डोक्यातली भोकं तारेच्या सोयीनं जुळत नसली तर बोल्ट जरा जास्त आवळायचा किंवा जरा सैल करायचा, हा मोह टाळायचा. वायसर बदलायचं नाहीतर बोल्ट बदलायचा. तार कुठून कुठं न्यायची याचं उत्तर एकच: बोल्ट सैल होऊ लागला की तार ताणली गेली पाहिजे, म्हणजे तिची ओढ आवळण्याच्या दिशेनं हवी.

भोकातून तार घालून एक पदर डोक्याभोवती घट्ट वळवायचा. पहिले एक-दोन पीळ हातानं, पीळ थेट भोकाच्या तोंडाशी बसले पाहिजेत. मग पुढचं अंतर मोजून दोन्ही पदर तार पिळायच्या पकडीच्या जबड्यात धरायचे, पकड लॉक करायची आणि मागची घुंडी ओढायची. इंचाला सहा ते आठ पीळ. कमी पडले तर पदर एकमेकांवर घासत राहतात. जास्त झाले तर तार कडक होते आणि हात लावताच तुटते. तारेचा रंग जरा मळकट दिसायला लागला की पीळ जास्त झाले असं समजावं. दुसऱ्या बोल्टाच्या पुढचा पीळ उलट्या दिशेनं घालायचा, म्हणजे डोक्याभोवतीचा फास वर सरकत नाही. शेवटी पाव ते अर्धा इंच शेपूट, तीन ते सहा पिळांचं, आणि ते आत वळवलेलं. बाहेर राहिलेलं टोक पुढच्या तपासणीत कुणाच्या तरी मनगटावर ओरखडा काढतं.

यात पकडीची निगा कुठं येते? जबड्यांच्या दात्यांत. पकड तारेला जिथं धरते तिथं खाच पडते, आणि कंपनांत तार त्याच खाचेपासून तुटते. म्हणून पकड फक्त नंतर कापून टाकायच्या भागावर लावायची. नव्या पकडीच्या जबड्यांच्या कडा अगदी बारीक पॉलिशपेपरनं मोडून घेतल्या तर धार तारेत घुसत नाही. मागच्या पिळदार दांड्यावर हलक्या तेलाचा थेंब, जबडे मात्र कोरडे. त्याच पकडीनं कॉटर पिन ओढणं किंवा कडक स्प्रिंगची तार कापणं म्हणजे पकडीचं वाटोळं. तार कापताना सुटं टोक बोटांत धरायचं. उडालेला अर्धा इंचाचा तुकडा इंजिनाच्या खोबणीत गेला तर तो शोधण्यात सगळी दुपार जाते. कापलेले तुकडे कमरेच्या डबीत.

कंट्रोल केबलचा ताण मोजणारा टेन्सिओमीटर हा आणखी एक नाजूक पाहुणा. विमानाचं अंग ॲल्युमिनियमचं, केबल पोलादाची. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरतं, म्हणून मे महिन्यात उन्हात उभ्या विमानाच्या केबलचा ताण डिसेंबरच्या पहाटेपेक्षा बराच जास्त येतो. विमान सावलीत आणून पुरेसं थांबायचं, तापमान लिहायचं आणि मग मॅन्युअलच्या तक्त्याशी ताडायचं. केबलच्या जाडीप्रमाणं मीटरमधला रायझर (केबल ज्यावर टेकते तो ठोकळा) बदलावा लागतो, आणि रूपांतराचा तक्ता त्याच सिरियल नंबरच्या मीटरचा हवा. शेजारच्या मीटरचा तक्ता चालत नाही. टर्नबकल (केबलचा ताण कमीजास्त करायचा जोड) किंवा पुलीपासून निदान सहा इंच लांब मोजायचं. तीन वेळा मोजून तिन्ही आकडे जवळजवळ आले तरच लिहायचं.

वायरिंगच्या क्रिम्पिंग टूलबद्दल, म्हणजे वायरवर पिन दाबून बसवणाऱ्या टूलबद्दल, थोडक्यात. चांगल्या टूलला रॅचेट असतं, दाब पूर्ण झाल्याशिवाय ते उघडत नाही. रोज वापरण्याआधी गो-नो-गो गेजनं तपासायचं: गो टोक सहज जायला हवं, नो-गो जायला नको. गेज आत असताना टूल दाबायचं नाही. दाबणारी टोकं बारीक ब्रशनं साफ करावीत, कारण पिनांवरच्या रंगीत पट्ट्यांचा रंग तिथं साचतो. टूल तेलात किंवा सॉल्व्हंटमध्ये बुडवायचं नाही, आत तेल फवारायचं नाही, खोलून बघायचं नाही. यातलं शेवटचं कोल्हापुरी माणसाला फार जड जातं.

आणि तशीच जड जाणारी गोष्ट म्हणजे कानस आणि ब्रश. पोलादावर चालवलेली कानस ॲल्युमिनियमवर फिरवली तर लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात, आणि ओलावा मिळाला की तिथूनच ॲल्युमिनियम खायला सुरुवात होते. लोखंडी वायरब्रशचंही तेच. ॲल्युमिनियमच्या कानशींना निळी मूठ, पोलादाच्यांना लाल, आणि दोन्ही वेगळ्या ड्रॉवरमध्ये. ॲल्युमिनियमवर चालवण्याआधी दात्यांवर खडू घासला तर कीस अडकत नाही. साध्या पेन्सिलीनं खुणा करायच्या नाहीत. ॲल्युमिनियमवर त्यातल्या ग्रॅफाइटनं गंज लागतो आणि एक्झॉस्टच्या पाइपावर ती रेघ तापली की कार्बन धातूत शिरून तिथंच चीर पडू शकते. जस्ताचा मुलामा असलेलं टूलही एक्झॉस्टवर लावायचं नाही.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की टूलचा खरा शत्रू घामेजलेला हात आणि दमट हवा. मोजमापाची उपकरणं कपाटात ठेवताना कोरड्या, धागे न सुटणाऱ्या फडक्यानं पुसून, हलक्या तेलाचा नुसता हात फिरवून ठेवायची. मायक्रोमीटरचे दोन्ही जबडे एकमेकांना टेकवून ठेवू नयेत, किंचित फट ठेवावी, नाहीतर मधे ओल धरते. फीलर गेजची पानं एकेक उघडून पुसायची, ०.०१६ इंचाच्या पानावर गंज आला की ते ०.०१६ राहत नाही. ड्रॉवरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलला की ओव्हनमध्ये सुकवून परत. गंजरोधक कागदात गुंडाळलेलं टूल अर्धवट उघडं ठेवण्यात अर्थ नाही, त्याची वाफ बंद जागेतच काम करते. आणि शेजारी फाउंड्री असेल तर खिडकीला जाळी पुरत नाही, बारीक लोखंडी धूळ आत येतेच. त्या बाजूची खिडकी बंद.

कॅलिब्रेशन हा बहुतेकांच्या लेखी कागदोपत्री उपचार असतो. तो तसा का नाही, ते रजिस्टरमधल्या विमानाच्या नंबरावरून कळतं. टॉर्क रेंच साधारणपणे वर्षातून एकदा किंवा ५,००० वापरांनंतर, जे आधी येईल तेव्हा, तपासायला जातो. जमिनीवर पडला तर लगेच. १० न्यूटन-मीटरच्या वरच्या क्लिक रेंचला अधिक-उणे ४ टक्क्यांची मुभा असते, त्याखालच्याला ६ टक्क्यांची. लॅबकडून दोन प्रकारचे आकडे मागायचे: रेंच हातात आला तेव्हाचे, आणि दुरुस्तीनंतरचे. पुष्कळ लॅब न मागता फक्त दुसरे देतात, आणि ते आपल्या फार उपयोगाचे नसतात. समजा रेंच ६० ला ६६ देत होता असं निघालं. मग मागच्या कॅलिब्रेशनपासून त्या रेंचनं कोणकोणत्या विमानावर कोणतं काम झालं ते रजिस्टरमधून काढायचं, आणि त्यातलं काय परत तपासायचं हे गुणवत्ता विभाग आणि प्रमाणित करणारा इंजिनिअर ठरवतो. रजिस्टरमध्ये नुसतं 'टॉर्क रेंच, एक नग' लिहिलं असेल तर वर्षभरातली सगळी विमानं संशयित.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांमुळे मायक्रोमीटर, व्हर्नियर, प्लग गेज तपासून देणारे लोक इथं सापडतात. पण लॅबला एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे एवढ्यावर थांबू नये. मान्यतेच्या कक्षेत टॉर्क आहे का आणि आपल्या रेंचच्या खालच्या आकड्यापर्यंत आहे का, ते कागद मागवून पाहायचं. मोठ्या बोल्टांसाठी घेतलेली मान्यता ३० इंच-पाउंडाला उपयोगी पडत नाही. रेंच पाठवायचा तर फोमच्या डब्यात, शक्यतो माणसाच्या हातून.

संध्याकाळी पॅनेल बंद करण्याआधी मोजणी. खड्ड्यात पिवळं दिसतंय आणि बिल्ला कुणाचा ते कळलं की निम्मं काम झालं. टूल सापडत नसेल तर विमान सोडायचं नाही, वर कळवायचं आणि शोध सुरू. तुटलेलं टूल परत करताना तुकडे जुळवून दाखवायचे. ड्रिल बिटचं टोक किंवा आरशाच्या काचेची कपची कमी असेल तर ते टूल हरवल्यातच जमा.

शेवटी इथल्या माणसांना नेहमी पडणारा प्रश्न: मॅन्युअलमध्ये लिहिलेलं महागडं टूल उद्यमनगरात करून घेता येईल का? काही बिनधास्त करून घ्यावं. फोमचे ड्रॉवर, स्टँड, तेलाचे ट्रे, चाकाखालचे ठोकळे इथं उत्तम होतात. रिव्हेटिंगचा बकिंग बारही (रिव्हेटच्या मागं टेकवून धरायचा ठोकळा) चांगल्या टूल स्टीलचा, आरशासारखा घासलेला करून मिळतो. तोंडावर खड्डा पडला की तो रिव्हेटवर उमटतो, मग परत पॉलिश. मात्र जे टूल मोजतं, किंवा ज्यावर भाग बसवण्याची जागा ठरते, त्याची नक्कल करायची तर ती मूळ टूलशी समतुल्य आहे हे मापं घेऊन, कागदावर सिद्ध करून, मान्यता घेऊनच वापरता येते. त्या कागदांचा खर्च धरला तर बहुतेक वेळा मूळ टूलच स्वस्त पडतं.